आठमीची पाहणी

पाटीलसाहेबांचं पेन भाषांतराच्या आधीच हलायचं. कोर्टात ही गोष्ट फक्त माझ्याच लक्षात आली आहे, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

भिवंडीच्या दिवाणी कोर्टात मी स्टेनो होते. साहेब तिथे न्यायाधीश म्हणून बदलून आले ती दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं. कोर्टात नुकतेच कॉम्प्युटर आले होते, पण लाईटचा भरवसा नसल्यामुळे टाइपरायटर अजून कुणी हलवले नव्हते. साहेब सावळे, उंच, आवाज खालचा. बोलणं असं स्वच्छ की डिक्टेशन घेताना पुन्हा विचारावं लागत नसे. आमच्याकडे खाडीकाठच्या गावांतली माणसं साक्षीला येत आणि आपल्या बोलीत बोलत. साहेब ऐकून घेत आणि वकिलाकडे वळून विचारत, "म्हणजे काय?" वकील त्याचं शुद्ध मराठी करून सांगे, मग साहेब लिहीत.

आता "मना न्हाय म्हाईत" यात न कळण्यासारखं काय आहे? पण साहेब त्यालाही "म्हणजे काय?" म्हणत. आणि मी समोर बसून बघत असे. वकील तोंड उघडायच्या आत साहेबांचं पेन निम्मी ओळ पुढे गेलेलं असे.

आडनाव पाटील. आमच्या तालुक्यात दगड मारला तर पाटलालाच लागेल, पण न्यायाधीश स्वतःच्या जिल्ह्यात नेमत नाहीत, म्हणजे हे इथले नव्हेत एवढं नक्की होतं. घाटावरून आलेल्या वकिलांनी त्यांना परस्पर आपल्यात घेऊन टाकलं. "साहेब, आपण म्हणजे सातारा की सांगली?" असं कुणी विचारलं की साहेब म्हणत, "आता नोकरीचं गाव तेच आपलं." त्यांनी खोटं कधी सांगितलं नाही. समोरच्याची समजूत फक्त दुरुस्त केली नाही.

मी हसत नव्हते त्याला. माझे वडील लूमवर जॉबर, म्हणजे माग लावून देणारे, दुरुस्त करणारे; घर बौद्धवाड्यातलं. आडनाव ऐकलं की क्षणभर गप्प होणारी माणसं मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच पाहिली होती. माणूस का लपतो हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण एवढा मोठा झालेला माणूस अजून लपतोय, हे बघून आत कुठेतरी लाजल्यासारखं व्हायचं.

साहेबांच्या बुटांबद्दल तर शिपाई सावंत गोष्टी सांगायचा. बूट काळे, आरशासारखे. गाडीत एक फडकं असायचं. रस्त्यावर पूल बांधत होते तेव्हाची भिवंडी, म्हणजे पाय ठेवाल तिथे चिखल नाहीतर धूळ. साहेब गाडीतून उतरले की आधी बूट पुसत, मग कोर्टाची पायरी चढत. डबा चेंबरचं दार लावून एकटे खात. एकदा दार उघडलं तर आत सुकटीचा वास. साहेबांनी सावंतला उदबत्ती लावायला सांगितली आणि मला म्हणाले, "कुठून वास येतोय कोण जाणे." मी म्हटलं, "बाहेरून असेल, साहेब." सावंत माझ्याकडे बघून डोळे मिचकावून गेला.

आणि ते कॅलेंडर. कोर्टात सरकारी कॅलेंडर होतंच. साहेबांनी घरून दुसरं आणून आपल्या डाव्या हाताच्या भिंतीवर लावलं, तिथी-नक्षत्रांचं. वकिलांना वाटलं, साहेब देवभोळे. संकष्टीला कुणी खजूर पाठवले, ते त्यांनी परत केले. उपास ते करत नव्हते. तारीख देताना मात्र एक नजर त्या भिंतीकडे जायचीच.

न्यायाधीश म्हणून माणूस खरा होता. हे मला आधीच सांगायला हवं होतं, कारण पुढचं ऐकून कुणालाही उलटं वाटेल. एका बाईचा दावा होता, शेजारच्या लूममुळे आपल्या घराच्या भिंतीला तडे जातात म्हणून. साहेब स्वतः पाहणीला गेले. मी कागद-पेन्सिल घेऊन मागे. शेडमध्ये शिरलो तर एकदम शांत. भिवंडीत दिवसाढवळ्या अशी शांतता म्हणजे संपच.

मालक हात जोडून म्हणाला, "साब, आप की इज्जत में बंद रखवाया है. शोर में आप को तकलीफ होती."

"चालू करा."

"साब, धूल बहुत—"

"सगळ्या लूम चालू करा. बंद लूमची पाहणी म्हणजे झोपलेल्या माणसाची साक्ष."

मग ते शेजारच्या घरात गेले, त्या बाईकडून पाण्याने भरलेला पेला मागितला, फळीवर ठेवला आणि स्टूल ओढून समोर बसले. पलीकडे लूम सुरू झाल्या. पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं. साहेब बराच वेळ ते बघत राहिले, मग मला म्हणाले, "लिहा." त्या दिवशी घरी जाऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "असा जज असंल तर मानूस कोर्टात जाईल बी."

ते झोपलेल्या माणसाच्या साक्षीचं वाक्य बाररूममध्ये पुढे कितीतरी दिवस फिरत होतं.

त्यानंतर हिराबाई भोईरचा दावा आला. काल्हेरच्या पुढे खाडीला लागून एक गाव आहे. खाडीचा एक अरुंद फाटा गावाच्या घरांपर्यंत आत येतो, निदान तेव्हा यायचा. हिराबाई विधवा, दोन मुलगे. घरची होडी त्या फाट्यातून खाडीत जाई, मासळी घेऊन त्याच वाटेने दारात येई. फाट्याच्या तोंडाची जमीन एका गोदामवाल्याने घेतली आणि भराव टाकायला सुरुवात केली. ट्रक आत जायला त्याला सपाट जागा हवी होती. हिराबाईने मनाई मागितली. गोदामवाल्याचं म्हणणं सरळ होतं : फाटा केव्हाच मेला, तिथे पाणी येत नाही, होडीची वाट वगैरे सगळं खोटं. आता पाणी येतं की नाही, यावरच सगळं अवलंबून होतं. साहेब म्हणाले, "मी स्वतः बघतो."

गोदामवाल्याच्या वकिलाने पुढच्या आठवड्यातला एक दिवस सुचवला, दुपारी बाराची वेळ. हिराबाईचा वकील हो म्हणाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून हिराबाई उठून उभी राहिली. बोटांवर काहीतरी मोजत होती.

"साहेब, त्या दिशी आठम हाय. आठमीला नका येव, पुनवेला या."

साहेबांची नजर डाव्या भिंतीकडे गेली आणि परत आली. मग नेहमीप्रमाणे तिच्या वकिलाला विचारलं, "काय म्हणतात त्या?"

वकील शहरातला, चांगल्या घरचा. खाडी त्याने पुलावरून पाहिलेली. तो हसून म्हणाला, "काही नाही साहेब. पौर्णिमा शुभ असते, तसं काहीतरी. गावाकडची माणसं, पूजा वगैरे असेल."

आता खाडीकाठचं लहान मूलसुद्धा सांगेल. पुनवेला आणि अवसेला उधाण. भर बाराला पाणी घरांच्या पायऱ्यांना लागतं. आठमीला भांगाची भरती, पाण्याला जोरच नसतो, आणि दुपारी बाराला तर पुरी ओहोटी. हिराबाई पूजेचं बोलत नव्हती, पाण्याचं बोलत होती. गोदामवाला स्वतः याच काठावरचा. त्याला तिथी कळत नव्हती असं मी म्हणणार नाही. पण तो कशाला बोलेल?

साहेबांनी एवढंच म्हणायला हवं होतं की, बाई भरतीबद्दल सांगताहेत, पौर्णिमेची तारीख घ्या. पण तसं म्हटलं असतं तर भरलेल्या कोर्टात लगेच प्रश्न आला असता, साहेब, तुम्हाला हे कसं माहीत?

ते म्हणाले, "बाई, कोर्ट पंचांग बघून चालत नाही."

वकील मंडळी मोठ्याने हसली. मोठ्या माणसाच्या विनोदाला हसतात तसं सगळे हसले. हिराबाईने साहेबांकडे नीट बघितलं, "बरा, साहेब," म्हणाली आणि शांतपणे खाली बसली. मला वाटलं, वरमली.

पाहणीला मी होतेच. कशेळीच्या बाजूचे ट्रक चुकवत आमच्या गाड्या पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. साहेब बांधावर उभे राहिले, खाली उतरले नाहीत. फाट्यात पाणी नव्हतं. तळाला चिखल, कडेला भेगा, हिराबाईची होडी एका अंगावर कलंडलेली. चिखलात एक निवटी टुणकन उडाली. हा खाजणातला मासा चिखलावरही चालतो. आमच्याकडचे सोडून कुणी त्याला ओळखायचा नाही. साहेबांच्या तोंडून अगदी हळू निघालं, "निवटी." चेहरा उजळला, आणि लगेच त्यांनी तो आवळून घेतला. मी पेन्सिलीला टोक काढत असल्याचं दाखवलं.

हिराबाई आपल्या घराच्या जोत्याजवळ उभी होती. दगडावर एक पांढरट मिठाची रेघ होती, तिच्यावर तिने हात ठेवला.

"ही बगा, साहेब. हयपर्यंत येतं."

"म्हणजे काय?" साहेबांनी वकिलाला विचारलं.

"ओल दाखवतायत, साहेब. पावसाळ्यातली असणार."

साहेब त्या रेघेकडे बघत राहिले. पावसाची ओल मीठ सोडत नाही, हे मलाही कळत होतं. मग ते वळले आणि मला म्हणाले, "लिहा. वादग्रस्त जागी पाणी आढळून आले नाही. तळाशी चिखल, कडा भेगाळलेल्या. वादीची होडी वापरात असल्याचे दिसून येत नाही." आवाज रोजच्यासारखाच स्वच्छ होता. गाडीत बसायच्या आधी त्यांनी फडकं काढलं आणि बूट पुसले. बुटांना काही लागलेलं नव्हतं.

मनाईचा अर्ज फेटाळला गेला. जिल्ह्याला अपील झालं, तिथे साहेबांच्या पाहणीपुढे कुणाचं काही चाललं नाही. न्यायाधीश डोळ्यांनी बघून आलाय, त्यावर कोण बोलणार? ट्रकांमागून ट्रक डबर पडलं आणि फाट्याचं तोंड बुजलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, एकदा सकाळी कोर्ट बसायच्या आधी, सावंत माझ्या टेबलाशी आला. "बाई, एक म्हातारी आलीय. म्हणते, माझा दामू हय जज हाय."

दारात म्हातारी उभी. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातात टोपली, टोपलीवर ओला फडका. पेणच्या बाजूच्या खारेपाटातून भाच्याबरोबर टेम्पोतून आली होती. भाचा तिला गेटवर सोडून माल उतरवायला पुढे गेला होता. सावंतने तिला चेंबरमध्ये नेलं. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. न्यायाधीशाला उठताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. आत दोन वकील बसले होते. त्यांतल्या एकाने विचारलं, "कोण, साहेब?"

"गावाकडच्या आहेत," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "यांना जरा बंगल्यावर पोचवून येता?"

रिक्षात म्हातारी सारखी बोलत होती. दामू लहानपणी बापाबरोबर खारबंदिस्तीच्या कामावर जायचा, उधाणाने बांध फुटला की बाप-लेक चिखलात उतरून रात्र-रात्र तो बांधायचे, शाळेच्या मास्तरांनी कसं त्याला पुढे ढकललं. "शालेन सगले त्याला चिखल्या बोलाचे," ती हसत म्हणाली. "अवरा मोठा झाला, पन आयसला इसरला न्हाय बघ." मला त्या माऊलीच्या तोंडाकडे बघवेना. आत चेंबरमध्ये काय बोललं गेलं, ते तिला ऐकू आलं नव्हतं की तिने ऐकूनही सोडून दिलं होतं, हे मला अजून समजलेलं नाही.

संध्याकाळी सहीचे कागद घेऊन मी परत बंगल्यावर गेले. म्हातारी व्हरांड्यात पेपर पसरून सुकट निवडत होती. साहेब नुकतेच आले होते, बूट अजून पायात.

"दामू, हय खारी जवल हाय ना रं? बगलीस का?" खारी म्हणजे खाडी.

"बगली, आये." मी तिथे आहे हे ते विसरले असावेत. त्यांच्या तोंडून ती बोली मी पहिल्यांदा ऐकली. किती सहज, किती मोकळी येत होती.

"कवा?"

"एक केस व्हती. पानी येतं का न्हाय, ता बगाला गेलतू."

"भरती व्हती?"

साहेब बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. मग म्हणाले, "आठम व्हती."

म्हातारीचा हात थांबला. ती रागावली नाही. तिला खरंच कळेना.

"आठमीला गेलास? मंग बगलास काय?"

मी सही न घेता कागद तिथेच टेबलावर ठेवले आणि निघाले. फाटकापाशी वळून बघितलं तर ते आईच्या शेजारी जमिनीवर बसले होते, मान खाली घालून, सुकटीतला कचरा काढत.

दुसऱ्या दिवसापासून "म्हणजे काय?" बंद झालं. साक्षीदार बोलला की साहेब लिहीत. वकिलांना वाटलं, साहेब आता इकडची भाषा शिकले. एकदा हिराबाईचा वकील दुसऱ्याच कामासाठी उभा होता. साहेबांनी त्याला भर कोर्टात विचारलं, "त्या फाट्याचा मूळ दावा अजून चालू आहे ना? पुन्हा पाहणीचा अर्ज द्यायचा असेल तर द्या." न्यायाधीशाने असं स्वतःहून म्हणणं बरोबर नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण वकील उलट चकित होऊन म्हणाला, "आता काय बघणार साहेब? तिथे गोदाम उभं राहिलंय. अशिलाने दावा सोडला."

साहेबांनी पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

त्यांची बदली झाली तेव्हा बाररूममध्ये निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. एका ज्येष्ठ वकिलाने ते लूमचं वाक्य सांगितलं आणि टाळ्या पडल्या. "चालू लूम बघणारा न्यायाधीश!" साहेब उत्तराला उभे राहिले, "आभारी आहे," एवढंच म्हणाले आणि बसले. लोकांना तो विनय वाटला. त्यांना तिथे शाल घेताना किती लाज वाटत होती ते मला त्यांच्या हातांवरून कळत होतं. शाल त्यांनी गुंडाळून खुर्चीखाली ठेवली होती.

चार्ज सोडल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. "उद्या सुट्टी आहे तुम्हाला. माझ्याबरोबर एका ठिकाणी याल? दुपारी बाराला." मी भिंतीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती.

रिक्षाने गेलो. गोदामाची लांबच लांब भिंत, आत ट्रक. भिंतीच्या टोकाला जुन्या बांधाचा थोडा तुकडा राहिला होता, तिथून खाडी दिसत होती. पाणी वर आलं होतं. भिंतीच्या तळाशी येऊन ते आपटत होतं आणि मागे सरत होतं, आत जायला वाट शोधत असल्यासारखं. भिंतीच्या अलीकडे हिराबाईची होडी पालथी पडली होती, तिच्या सावलीला कोंबड्या. मुलगे गोदामात हमालीला लागले होते. ती एकटीच दारात बसली होती.

साहेब बांधावरून खाली उतरले, सरळ चिखलातून. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी मागेच थांबले, पण सगळं ऐकू येत होतं.

"हिराबाय, मना म्हाईत व्हता. आठमीला पानी नसता, मना तवाच म्हाईत व्हता."

मला वाटलं, ती चिडेल, शिव्या घालेल. तिला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही.

"म्हाईत हाय, साहेब. मी आठम बोलले, तवा तुमी आदी भिताडावं क्यालिंडर बगलाव. वकिलान न्हाय बगला, कोनीच न्हाय बगला. तवाच मी वलखला, ह्यो आपलाच मानूस हाय. घरान येऊन सगल्यांना सांगला, साहेब आपला हाय, आता कायपन भ्याचा नाय. पोरं बोलत व्हती, वकील बदलू, पुनवेचा फोटो काढून कोर्टान देव. मीच नको बोलले. बोलले, साहेबांना समजतंय, कसाला उगा?"

ज्या एका माणसाने साहेबांना ओळखलं होतं, तिनेच त्यांच्या भरवशावर हात बांधून घेतले होते. भिंतीमागे पाणी आपटत होतं.

हिराबाई उठली, पालथ्या होडीवरची कोंबडी हाकलली आणि पदराने तिथली जागा पुसली.

"बसा. चाय ठेवते. आपलेच हाव ना."

साहेब बसले. चहा आला. बुटांवरचा चिखल वाळत होता आणि ते कप दोन्ही हातांत धरून त्या पुसलेल्या जागेवर बसून राहिले. हिराबाई दारातून म्हणाली, "थंड झाला, साहेब. प्या." त्यांनी मान वर केली नाही.